खुनी कोण ते न सांगितल्याबद्दल

डोंबिवली फास्टमधल्या काकांना,
स. न. वि. वि.

तुमचं आडनाव मला ठाऊक नाही. चार वर्षं एकाच डब्यातून गेलो, पण आपलं बोलणं सुरू व्हायचं ते "काय, आज कोण मेलं?" इथून आणि संपायचंही तिथेच. मग तुम्ही निवृत्त झालात आणि नंबर घ्यायचा राहून गेला. म्हणून हे आभार असे चारचौघांत.

मी वाढलो बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर, वडिलांनी जपलेल्या जुन्या प्रती वाचत. रहस्यकथा म्हणजे वेषांतर, पाठलाग, पिस्तूल. त्यामुळे सेइशी योकोमिझो या जपानी लेखकाच्या 'द होनजिन मर्डर्स'चं इंग्रजी भाषांतर मी थोडंसं वाचूनच मिटलं होतं. इचियानागी घराण्यात कोण कुणाचं कोण, काही लागेना. तुम्ही पुस्तक मागून घेतलंत. दुसऱ्या दिवशी परत आलं तेव्हा आत पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढलेली वंशावळ होती. आई इतोको, थोरला केन्झो, तोच नवरदेव. खाली टीप: 'साबुरो म्हणजे तिसरा मुलगा. नावातच नंबर आहे, घाबरू नकोस.'

एवढ्यावर ते घर माझ्यासमोर उभं राहिलं. लग्नाच्या रात्रीची किंकाळी, कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारांचा तो भलताच आवाज, आतून बंद खोली. बागेतल्या बर्फात तलवार रोवलेली आणि निघून गेल्याचं पाऊल कुठेच नाही. त्यात तो किंदाइची! चुरगळलेले कपडे, डोकं खाजवून कोंडा पाडायची सवय. इतका गबाळा गुप्तहेर मी पाहिला नव्हता. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९४६ मध्ये, ही गोष्ट मासिकातून येऊ लागली, हे तुम्हीच कुर्ल्याजवळ कधीतरी सांगितलंत.

पण आपली खरी मैफल जमली ती सेइचो मात्सुमोतोंच्या 'पॉइंट्स अँड लाइन्स'वर. फुकुओकाजवळ काशीईच्या किनाऱ्यावर एक पुरुष आणि एक बाई मेलेली सापडतात. सगळे म्हणतात, प्रेमात जीव दिला. म्हाताऱ्या पोलिस तोरिगाईला मात्र मयताजवळची डायनिंग कारची पावती खटकते, कारण ती एकाच माणसाची असते. बाई बरोबर होती, तर निदान कॉफीला तरी आली नसती का? आणि मग टोकियो स्टेशन. तिथे १३ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून १५ नंबरची गाडी दिसते ती संध्याकाळी ५.५७ ते ६.०१, एवढी चारच मिनिटं. एरवी मध्ये कुठली तरी गाडी आडवी. मला काही ते पटेना. तुम्ही ठाण्याला मला दारात उभं केलंत आणि म्हणालात, "मोज." पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसला, मी मोजायला लागलो आणि अकरापर्यंत पोचतोय तोवर मध्ये कल्याण लोकल आली. "आपल्याकडे हा खुनी पहिल्याच दिवशी लेट होऊन पकडला गेला असता," हेही तुमचंच.

मात्र मोठे आभार आहेत ते गप्प राहिल्याचे. मी वाटेल ते तर्क मांडायचो, तुम्ही भुवईसुद्धा हलवायचा नाहीत. केइगो हिगाशिनोंच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कुणाच्या हातून झाला ते सुरुवातीलाच कळतं. मी म्हटलं, मग आता उरलं काय? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "कळलं ना? म्हणजे तुला अजून काहीच कळलेलं नाही." ते पुस्तक संपलं त्या रात्री तुम्हाला फोन करावासा वाटला होता.

सोजी शिमादांचं 'द टोकियो झोडिअ‍ॅक मर्डर्स' तुमचं माझ्याकडेच राहिलंय. लेखक मध्येच गोष्ट थांबवून वाचकाला आव्हान देतो की सगळे पुरावे तुझ्यासमोर आहेत, आता ओळख. तिथे समासात तुमच्या पेन्सिलीने लिहिलंय, 'थांब.' तीन आठवडे झाले, थांबलोय. वहीत खून झालेल्या सहा मुलींची नावं मांडून बसतो, दादर येतं, वही मिटतो.

खिडकीशेजारची तुमची जागा आता रोज कुणीतरी वेगळंच पकडतं. कधी आलात या गाडीला, तर पुस्तक घेऊन जा. उत्तर मात्र सांगू नका.

तुमचा,
चौथ्या सीटवाला