सालमोराच्या बाइदेउंना पत्र

आदरणीय बाइदेउ,
सादर नमस्कार.

आपले नाव येथे लिहीत नाही. तसे आपले ठरलेच होते. थोरल्या बहिणीला आसामीत बाइदेउ म्हणतात हे आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र आमच्याकडची माणसेही वाचतील म्हणून ते नोंदवले. माझ्या मोडक्यातोडक्या आसामीत ते आपल्याला फोनवर वाचून दाखवीनच.

जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीने ब्रह्मपुत्रा ओलांडून मी माजुली या नदीतल्या बेटावर, आपल्या सालमोरा या कुंभारांच्या गावी आले, तेव्हा प्रबंधासाठी पुण्यात बसून तयार केलेली प्रश्नावली माझ्याजवळ होती आणि तिचा पहिलाच प्रश्न होता, ‘मूळ गाव कोणते?’ आपण त्याचे उत्तर दिले नाही. आव्याशेजारच्या पाच खापऱ्या उचलून जमिनीवर ओळीने मांडल्या, पहिल्या चारांवर पाणी शिंपडले आणि पाचवीवर बोट ठेवून म्हणालात, ‘आता इथे.’ त्या दिवसापासून मी ‘गाव कोणते’ ऐवजी ‘कुठे कुठे राहिलात’ असे विचारू लागले. माझ्या कामात पुढे जे काही बरे झाले, ते या एका दुरुस्तीमुळे झाले.

बानपानी (पूर) आणि गराखहनीया (काठाची धूप) यांतला फरकही मला आपल्याच ओसरीवर कळला. पुराचे पाणी काही दिवसांत ओसरते आणि मागे गाळ ठेवते. काठ ढासळला की मात्र जमीनच जाते, आणि घरात उरतो तो पाण्याखाली गेलेल्या शेताचा कागद. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानंतर नदीच्या पात्रात गाळ साचून ते वर आले आणि धूप वाढली, हे मी वाचून आले होते. पण आपल्या सासूबाई स्वतःचे वय त्या भुईकपापासून मोजतात, हे कोणत्याही अहवालात सापडले नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी १,२०० चौरस किलोमीटरांहून अधिक सांगितले जाणारे बेटाचे क्षेत्र आज निम्म्याहूनही कमी उरले आहे. हा आकडा मला पाठ होता. त्या चार ओल्या खापऱ्या पाहिल्यावर तो मोठ्याने म्हणवेना.

आमच्याकडे कुंभार म्हटले की चाक आलेच. सालमोरात चाक नाही. आतून दगड धरून बाहेरून लाकडी थापीने भांडे चोपत असताना, भिंत हवी तेवढी पातळ झाली की आवाज बदलतो, तो ऐकायला आपण मला तीन दिवस लावले. (चौथ्या दिवशीही माझी भांडी बसलीच, तो भाग वेगळा.) आवा पेटतो तो नदीने वाहून आणलेल्या लाकडांवर, आणि पक्की भांडी होडीने दुसऱ्या गावांत नेऊन त्यांच्या बदल्यात धान आणले जाते. भांड्यांची माती काठावर खोल खणून काढावी लागते आणि त्या खणण्यानेच काठ ढासळतो असा आक्षेप घेतला जातो. त्यावर बोलताना आपण चिडला नाहीत, ‘नदीला खणायला कोण सांगते?’ एवढेच विचारलेत. ते वाक्य मी जसेच्या तसे, आपल्या परवानगीने, प्रबंधात घेतले आहे.

आपण दिलेली टेकेली, म्हणजे मातीचे छोटे मडके, पुण्यापर्यंत शाबूत पोहोचली. आपल्या पाच घरांच्या जागा दाखवलेला नकाशा आसामीत करून, हिवाळ्यात पाणी उतरले की, सोबत घेऊन येते. चुकलेल्या जागा खोडायला कोळसा तयार ठेवा.

आपली कृतज्ञ,
पुण्याची, सारखे प्रश्न विचारणारी धाकटी बहीण