पाय उचलला तरी गाडी ओढतच राहिली: बेलक्रँकच्या बुशबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक व गुणवत्ता विभाग प्रमुख

विषय: थ्रॉटल जोडणीसाठी पुरवलेल्या सहा बेलक्रँकमधले सदोष बुश आणि न मोजता दिलेला तपासणी अहवाल

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या कोल्हापूरच्या कारखान्यातून मी सहा बेलक्रँक मागवले होते. बेलक्रँक म्हणजे पेडलच्या दांड्याची हालचाल वळवून इंजिनाकडे नेणारा तुकडा, आणि तो ज्या पिनेवर फिरतो तिच्याभोवतीची धातूची नळी म्हणजे बुश. त्यातला एक चालत्या गाडीत अडकला. मी वाचलो, गाडीही बरीचशी वाचली. त्यावर आपल्याकडून आलेलं उत्तर चार ओळींचं आहे, सोबत पुढच्या ऑर्डरमध्ये वळती करायची क्रेडिट नोट. ती नोट मी या पत्रासोबत परत करतो आहे. माझं म्हणणं पैशांपुरतं नाही, म्हणून पत्र लांबलं आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या माणसाने फोनवर मला विचारलं होतं, "ही गाडी म्हणजे नक्की काय?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो. मी राहतो कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डला. गावाच्या उत्तरेला फमोसोची ड्रॅग स्ट्रिप आहे, म्हणजे सरळ रेषेत शर्यत लावायचा ट्रॅक. १९५९ पासून तिथे मार्च महिन्यात मोठी शर्यत भरते, तिला सगळे मार्च मीट म्हणतात. पहिल्याच वर्षी फ्लोरिडाहून नामवंत ड्रायव्हर डॉन गार्लिट्स इथे आला होता आणि आर्ट क्रिसमन जिंकला होता. आज तिथे त्या काळातल्या धाटणीच्या गाड्या धावतात. माझी गाडी त्यातलीच, साठच्या दशकातली स्लिंगशॉट. इंजिन पुढे, ड्रायव्हर सगळ्यात मागे, मागच्या अॅक्सलच्याही पाठीमागे, दोन रुंद टायरांच्या मध्ये. पाय डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंनी पुढे सोडलेले. ३९२ घनइंचाचं क्रायस्लर हेमी इंजिन, वर हवा दाबून भरणारा ब्लोअर, आणि इंधन नायट्रोमिथेन. गिअरबॉक्स नाही. क्लच घसरत घसरत पकडतो आणि पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, संपतात.

नायट्रोबद्दल एवढंच सांगतो की एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला १.७ किलोच्या आसपास पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी पट जास्त इंधन ओतता येतं. पण त्याचमुळे हे इंजिन किल्ली फिरवून बंद होईल याची खात्री नसते. ठिणगी देणारा मॅग्नेटो बंद केला तरी तापलेल्या सिलिंडरमध्ये ते जळत राहू शकतं. इंजिन थांबवायचं म्हणजे इंधनच तोडायचं, त्यासाठी ड्रायव्हरच्या हाताशी वेगळा दांडा असतो. आणि वेग कमी करायचा म्हणजे थ्रॉटल बंद व्हायला हवा. पाय उचलला की इंजेक्टरच्या बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपा, मिटल्या पाहिजेत. या गाडीवर ड्रायव्हरचा जो काही ताबा असतो त्याची सुरुवात इथून होते. शर्यतीच्या नियमावलीत याला पक्की तरतूद आहे: इंजेक्टरच्या थ्रॉटल आर्मवर थेट लावलेली परतीची स्प्रिंग हवी, जोडणी पलीकडे जाऊन अडकू नये म्हणून स्टॉप हवा, आणि एवढं करूनही अडकलीच तर पेडल पायाने मागे ओढता यावं म्हणून बोटांवर पट्टा हवा.

माझ्या गाडीत हे तिन्ही होतं. पेडल आणि इंजेक्टर यांच्या मधोमध, आडव्या दांड्याची हालचाल उभी करणारा बेलक्रँक मात्र आपला होता.

इथे मशीन शॉपची कमतरता नाही. तरी मी ऑर्डर कोल्हापूरला दिली, कारण माझे वडील उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर होते. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी उभा असायचो. ऑइल इंजिनचे बुश ते कसे करायचे ते मी रोज पाहिलंय. बुश आधी दाबून बसवायचा, मग त्यातून रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, काढायचा. दाबल्यावर बुश आतून आवळतो, त्यामुळे आधी कितीही नेमकं माप काढलं तरी बसवल्यावर ते राहत नाही. ही गोष्ट आपल्या कारखान्यातल्या कुठल्याही जुन्या कारागिराला विचारा, तो झोपेतही सांगेल. तरीही मी ड्रॉइंगवर वेगळी ओळ लिहिली होती: गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश प्रेस केल्यानंतर रीम करावा, भोक १२.०३ ते १२.०५ मिलिमीटर. आणि ड्रॉइंगच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं की हा शर्यतीच्या गाडीच्या थ्रॉटलचा भाग आहे.

माल वेळेत आला. पॅकिंग उत्तम होतं, रंगकाम उत्तम होतं, वेल्डिंगही चांगलं आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. सोबत सही-शिक्क्याचा तपासणी अहवाल होता. मी पिन घालून हाताने फिरवून पाहिली, फिरत होती. गेज लावला नाही. अहवालावर विश्वास ठेवला, ही माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही चाचणीला गेलो. या खोऱ्यात हिवाळ्यात दाट धुकं पडतं, त्याला टुली धुकं म्हणतात. दहापर्यंत ट्रॅकचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आजूबाजूला बदामाच्या बागा फुलल्या होत्या. नव्याने जोडलेल्या गाडीची चाचणी टप्प्याटप्प्याने घ्यायची असते. पहिल्या फेरीत नुसती गाडी सोडायची आणि साठ फुटांवर पाय उचलायचा, क्लच कसा धरतो आणि पुढची चाकं किती हलकी होतात ते बघायला. दुसऱ्या फेरीत ३३० फूट. तिसऱ्यात ६६० फूट, म्हणजे अर्धा ट्रॅक. पूर्ण फेरी त्यानंतरच. मिश्रणही आम्ही हात राखून घेतलं होतं, सत्तर टक्के नायट्रो आणि बाकी मेथॅनॉल.

पहिली फेरी सुरेख झाली. दुसऱ्या फेरीत पाय उचलल्यावर पेडल किंचित उशिरा वर आल्यासारखं वाटलं. परत आल्यावर आम्ही स्प्रिंग तपासली, दांडे तपासले, सगळं मोकळं होतं. मोकळं का होतं, तर तोवर इंजिनाच्या मागचा भाग निवला होता. हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या फेरीत ६६० फुटांच्या खुणेवर मी पाय उचलला आणि गाडी ओढतच राहिली. पूर्ण जोराने नाही, पण निम्म्याहून कमीही नाही. ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला साठ मीटरहून जास्त. पट्ट्यात बोटं अडकवून पेडल मागे ओढलं, हललं नाही. क्लच दाबायची ऊर्मी येते, पण ती दाबून टाकावी लागते. भार सुटला की उघड्या थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे आवाक्याबाहेर जातात आणि ब्लोअर फुटू शकतो, तोही ड्रायव्हरच्या तोंडासमोर. म्हणून आधी इंधनाचा दांडा, मग पॅराशूट, मग हातब्रेक. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या एकट्या हाताला ही तीन कामं, तीही याच क्रमाने. दांडा ओढल्यावरही नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालू होतं. पॅराशूट उघडलं तेव्हा गाडी उजवीकडच्या कठड्याकडे सरकत होती. मी ती हळूच सावरली. जोराने वळवली असती तर उलटली असती, इतकी ही गाडी लांब आणि पुढून हलकी असते. ट्रॅकच्या शेवटी थांबलो तेव्हा हातमोज्याच्या आत माझी बोटं दांड्याला धरल्यासारखीच वाकलेली राहिली होती. मित्राने ती एकेक करून सरळ केली.

इंधन तुटताना थ्रॉटल उघडाच असल्याने मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आणि दोन पिस्टन जळाले. या वर्षीची मार्च मीट हुकली. तो हिशेब मी वेगळा पाठवला आहे, इथे उगाळत नाही.

खरी गोष्ट पिटमध्ये कळली. बेलक्रँक काढायला गेलो तर पिन हाताने निघेना. पक्कड लावूनही ती फिरेना. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, तीच पिन दोन बोटांनी सहज बाहेर आली. तिच्यावर एका टोकाला नखाएवढा पिवळसर चट्टा होता, गनमेटल घासून चिकटलेला. घरी येऊन बाकीचे पाचही नग मोजले. एकही ड्रॉइंगप्रमाणे नाही. सगळ्यात मोठं भोक १२.०२. अडकलेल्या नगात कडेला १२.०० चा प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दंडगोल,सुद्धा दाबल्याशिवाय जात नाही. मग एक न वापरलेला नग मी ९० अंशांच्या तेलात पिनेसकट ठेवला. दहा मिनिटांनी पिन जाम. गनमेटल पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, बाहेरून पोलादी घराने आवळलेलं असलं की ते आतच सरकतं. मी मागितलेली मोकळीक यासाठीच होती.

आता आपला अहवाल बघा. सहा नग, सहा मापं, आणि सहाही १२.०४. पहिल्या नगापासून शेवटच्यापर्यंत शतांश मिलिमीटरचाही फरक नाही. रीमरने काढलेली सहा भोकं सहसा अशी येत नाहीत, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक तर बुश बसवण्याआधी एकच मोजला आणि तो आकडा खाली उतरवला, किंवा मोजलंच नाही. सहा बुश चुकीचे होणं मी समजू शकतो, कारखान्यात चुका होतात, माझ्या वडिलांच्याही हातून झाल्या. चुकलेला नग ते पेटीत टाकून द्यायचे आणि मालकाला जाऊन सांगायचे. पण न मोजता मोजल्याची सही करणं ही चूक नव्हे. त्या सहीवर विसंबून मी त्या गाडीत बसलो.

आपल्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. पहिला, "वाहनाचा वापर असाधारण असल्याने जबाबदारी घेता येत नाही." वापर काय आहे ते ऑर्डरच्या मेलमध्ये आणि ड्रॉइंगवर दोन्हीकडे लिहिलेलं होतं. ऑर्डर घेताना तो आपल्याला चालला. शिवाय ९० अंश तापमान असाधारण नाही, शेतावरच्या पंपाच्या इंजिनाजवळही ते असतं. दुसरा मुद्दा, "याच लॉटमधील इतर नग इतर ग्राहकांकडे गेले असून त्यांची तक्रार नाही." हे वाचून माझी झोप उडाली. म्हणजे असे बेलक्रँक आणखी कुठेतरी बसवलेले आहेत आणि ज्यांनी बसवले त्यांना हे ठाऊक नाही. सहातले दोन मी इथल्या एका मित्राला दिले होते, तो दुसरी जुनी गाडी उभी करतो आहे. चाचणीच्या संध्याकाळीच त्याला फोन करून ते काढायला लावले आणि परत घेतले. माझ्याच गाडीत इंधनाच्या दांड्याची जोडणी पुढच्या आठवड्यात आपल्या बेलक्रँकवर घ्यायची होती. ती आठवडाभर आधी केली असती तर थ्रॉटलही अडकला असता आणि इंधनही तुटलं नसतं.

१९७० च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ट्रॅकवर गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे घेतलं आणि बघता बघता पुढे इंजिन असलेल्या गाड्या वरच्या वर्गातून गेल्या. आम्ही त्या जुन्या गाड्या आजही चालवतो ते धोका माहीत असूनच. फुटणारं यंत्र समोर ठेवून बसायची आमची तयारी आहे. खोटा आकडा समोर ठेवून बसायची तयारी नाही.

माझी मागणी अशी. त्या लॉटमधले नग ज्या-ज्या ग्राहकांना गेले त्यांना आपण आठ दिवसांत लेखी कळवावं की ते वापरू नयेत, आणि कळवल्याची प्रत मला पाठवावी. त्यांची नावं झाकली तरी चालतील. माझ्या सहा नगांचा तपासणी अहवाल रद्द केल्याचं पत्र द्यावं आणि ती मापं कोणी, कधी, कशाने घेतली याचा खुलासा करावा. सही करणाऱ्या मुलाला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याच्या हातात भोक मोजायचा बोअर गेज द्या आणि मोजायला वेळ द्या. किमतीचा परतावा आणि पिस्टनच्या खर्चाबद्दल आपण त्यानंतर बोलू.

पाच नग, चट्टा पडलेली पिन, मोजमापांचा तक्ता आणि तेलातल्या चाचणीचा व्हिडिओ माझ्याजवळ आहे. सहावा नग आजच कुरिअरने आपल्याकडे पाठवला आहे. तो गरम करण्याआधी पिन फिरवून बघा, मग गरम करून फिरवा. शक्यतो शॉप फ्लोअरवर, सगळ्यांसमोर करा.

पंधरा दिवस उत्तराची वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक न्यायालयाचा अर्ज माझ्या भावामार्फत कोल्हापुरातूनच दाखल होईल.

कळावे,
आपला ग्राहक
मूळ राहणार कोल्हापूर, सध्या बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया