आबाजीला भूत नव्हतं लागलं

नागपूर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रोवणी उरकली असेल. बाबांच्या पायाला मुंग्या येतात, रात्री ताट तसंच राहते, असं आई फोनवर बोलली. तेव्हापासून डोळ्यांसमोरून आबाजी हलत नाहीत. त्यांनाही दारूच होती, बाबा, तुमच्यासारखी.

शेवटच्या वर्षी आबाजी पाय फाकवून, भिंत धरून चालायचे. डोळे थरथरायचे. दिवसभर खाटेवर असायचे आणि आपण पवनीच्या बाजारातून आलो म्हणायचे, तिथं कोण भेटलं तेही सांगायचे. बाहेरचं लागलं म्हणून तुम्ही कोंबडं दिलं. बाबा, वेर्निके नावाच्या डॉक्टरनं ही चाल आणि हे डोळे १८८१ मध्येच लिहून ठेवले आहेत. अंगातलं बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलं की असं होते. आमच्या वॉर्डात मी पाहते. थायमिनच्या इंजेक्शननं डोळे एक-दोन दिवसांत थाऱ्यावर येतात. उशीर झाला तर आठवण बहुतेकदा परत येत नाही.

शरीरात याचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच. आतड्यात त्याला उचलून रक्तात नेणारी प्रथिनं असतात. बांधीच्या पारीला पाण्यासाठी तोंड ठेवतो ना, तसं समजा. दारू ते तोंडच बुजवते. त्यात आपलं जेवण म्हणजे पांढरा भात, त्याचं बी-१ गिरणीत कोंड्यासोबत गेलेलं. आणि तुम्ही तर तोही खात नाही.

आबाजी, मोठे काका, मग तुम्ही. व्यसन जडण्यात जवळपास निम्मा वाटा रक्तातून येतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. बी-१ उचलणारी ती प्रथिनं घडवणारी जनुकंही सगळ्यांची सारखी नसतात. म्हणून तुम्हाला कोणी कमजोर मनाचा म्हटलं की माझा जीव जळतो. आई, तूही म्हणू नको. पण उरलेला अर्धा वाटा आपल्या हातात आहे, आणि धाकट्याला तर मोहाच्या दारूचा पहिला घोटही नको.

बाबा, रागाच्या भरात घरीच दारू एकदम सोडू नका. झटके येतात, भ्रम होतो. अशक्तपणा म्हणून गावात कोणी ग्लुकोजची सलाईन लावली, तर आधी बी-१ चं इंजेक्शन द्या म्हणून आईनं ठासून सांगायचं. थायमिन नसताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलासुरला साठाही संपतो. आबाजींना त्या आठवड्यात तीन बाटल्या लावल्या होत्या.

बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघंही या. मी सुट्टी टाकली आहे, स्टँडवर उभी राहीन.

तुमची,
ताई