कोळसा धुतला, पण फवाऱ्याचे काय?

संपादक महोदय,

फर्नेस ऑइलऐवजी कोळसा-पाण्याचे पातळ इंधन वापरा, असे सुचवणारे लोक 'कोळसा धुऊन घेतला की झाले' हेही लगेच जोडतात. माझी सगळी नोकरी बॉयलरच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून हे चार शब्द.

या इंधनात वजनाने ६० ते ७० टक्के कोळसा असतो, बहुतेक कण ७५ मायक्रॉनच्या आतले. बाकी पाणी आणि कण सुटे ठेवणारे थोडे रसायन. धुण्याने राख घटते, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती चिकणमाती जाणे. ही माती पाणी पिऊन बसते. मग मिश्रण वाहते ठेवायला आणखी पाणी घाला, आणि तेच पाणी उकळायला भट्टीतली उष्णता घालवा!

आपल्याकडच्या कोळशात मात्र राख अंगातच मुरलेली. ती सोडवायची तर बारीक दळावे लागते, आणि अति बारीक दळले की मिश्रण पुन्हा घट्ट होते. धुलाईचे पाणी फिरवून फिरवून वापरले तर त्यात साचलेले कॅल्शियमचे क्षार कणांच्या गुठळ्या करतात. फेसाने कोळसा वेगळा करताना वापरलेले तेल कणांवर राहते, त्याने रसायनाची मात्राही बदलते.

एका कारखान्यात पुरवठादाराने बीकरमधला नमुना छान ओतून दाखवला, घट्टपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरचा आकडाही उत्तम. बर्नरमध्ये मात्र ज्योतीतून ठिणग्या उडत होत्या, समोरच्या भिंतीवर काळे थर. व्हिस्कोमीटर सावकाश फिरतो. इंधनाचा फवारा सोडणाऱ्या बर्नरच्या तोंडात, म्हणजे नोझलमध्ये, मिश्रण प्रचंड वेगाने घासले जाते, आणि काही मिश्रणे तिथे उलट घट्टच होतात. थेंब मोठा पडतो, पाणी उडाले की त्यातले सगळे कण चिकटून एकच ढेकूळ होते आणि ते अर्धवट जळते. इतके बारीक दळलेले सगळे फुकट. नोझल उघडले तेव्हा गोल भोक लांबट झाले होते; ही करामत कोळशात राहिलेल्या वाळूची.

खाणीपासून दूरच्या वीज केंद्रांसाठीची ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेची अट केंद्र सरकारने २०२० मध्ये उठवली, त्यामुळे धुलाईचा आग्रह तसाही सैलावला आहे. निदान असे इंधन घेणाऱ्यांनी निविदेत नुसती राखेची टक्केवारी मागू नये. त्याच धुतलेल्या कोळशाच्या मिश्रणाचा नोझलमधल्या वेगाला मोजलेला घट्टपणा आणि थेंबांचा आकार, दोन्हींचे अहवाल मागावेत.

– एक निवृत्त बॉयलर केमिस्ट, चंद्रपूर