कुंडाला संरक्षण मिळाले, सड्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडातील ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या इवल्याशा माशाची नवी प्रजाती म्हणून 2020 मध्ये नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने मंदिर परिसरातील 2.11 हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु हिरण्यकेशी नदीचे पाणी कुंडात थांबत नाही. ते आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असे वाहत घटप्रभेला मिळते. उगमाच्या आसपासचे ओहोळ, सडे (जांभ्या कातळाची उघडी पठारे) आणि पावसाळी डबकी या संरक्षणाच्या बाहेरच राहिली आहेत.

त्यांतही सड्यांची उपेक्षा मोठी आहे. 2009 मध्ये शास्त्रीय नोंद झालेला ‘आंबोली टोड’ हा बेडकाचा प्रकार अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि आंबोली व आसपासच्या मोजक्या जागा सोडल्यास तो कोठेही आढळत नाही. पहिला पाऊस झाला की जांभ्या कातळावरील खळग्यांत चार बोटे पाणी साचते आणि त्यातच तो अंडी घालतो. गेल्या जूनमध्ये सड्यावर पर्यटकांच्या गाड्या लागलेल्या मी पाहिल्या. चाकाखाली गेलेल्या एका खळग्यातील पाणी चहासारखे गढूळ झाले होते आणि त्याच्या काठावर फेकल्या गेलेल्या चिखलात टाचणीच्या डोक्याएवढे काळे भैकेर (बेडकांची शेपटीची पिल्ले) वळवळत होते. गाडीवाल्याला दोष तरी कसा द्यावा? तेथे काही जपण्याजोगे आहे, हे सांगणारा साधा फलकही नव्हता. रात्री रस्ता ओलांडताना चिरडले जाणारे बेडूक तर वेगळेच. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ठरावीक टप्प्यांवर रात्रीचा वेग कमी ठेवणे आणि सड्यावर वाहने नेण्यास मनाई करणे, याला फारसा खर्च येणार नाही.

दुसरा धोका आपणच सद्हेतूने पाण्यात सोडतो. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे विहिरी-टाक्यांत सोडण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. दक्षिण अमेरिकेतील हा मासा बंदिस्त टाकीत ठीक आहे, परंतु पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरला तर तो मूळच्या माशांच्या अन्नात वाटेकरी होतो आणि इतरांची पिलेही खातो. ज्या कुंडातील मासा जगात इतरत्र सापडलेला नाही, त्याच्या पाणलोटात गप्पी सोडण्यास स्पष्ट मनाई हवी.

राहता राहिले चढणीचे मासे. नव्या पाण्याबरोबर अंडी घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशांना ओढ्याच्या तोंडाशीच जाळे लावून पकडणे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि लहानपणी मीही त्यात हौसेने उतरलो आहे. मात्र तेव्हा हाताने व खोयीने जे होत असे, ते आता बारीक आसाच्या जाळ्याने आणि कधी कधी ब्लीचिंग पावडर टाकून होते. त्यात अंड्यांनी भरलेली मादीही सुटत नाही. समुद्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी. जैविक विविधता कायदा, 2002 नुसार ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करायच्या असतात. हिरण्यकेशीकाठच्या समित्यांनी एकत्र बसून उगमाकडील ओढ्यांपुरती अशीच बंदी ठरवावी आणि तो ठराव मे महिन्यातील ग्रामसभेत मांडावा, म्हणजे पहिल्या पावसाआधी गावात दवंडी देता येईल.

आपला,
एक वाचक, आजरा