उपदेश पुरे, विहिरीचं पाणी तपासून द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात पाणी नासवल्याचं सगळं खापर आपण शेतकऱ्याच्या माथी फोडलंत, वर दंडाची भाषाही केलीत. खत जास्त पडतं आणि ते विहिरी-ओढ्यांत उतरतं, हे मी नाकारत नाही. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. त्याचं नायट्रेट झालं की माती ते धरून ठेवत नाही. पिकाने उचललं नाही तेवढं पाण्याबरोबर खाली जातं. पण नेमकं किती घालायचं, हे शेतकऱ्याला वेळेवर सांगायचं कोणी? त्यावर अग्रलेखात एक ओळ नाही.

माझंच सांगतो. पेरणीआधी मातीचा नमुना तपासणीला दिला. नागमोडी चालत खड्डे घेतले, माती सावलीत वाळवली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवली. सगळं सांगितल्याप्रमाणे. अहवाल हाती आला तेव्हा खताचा दुसरा हप्ताही देऊन झाला होता. शिवाय शेजाऱ्याच्या अहवालात शिफारस शब्दशः तीच! त्याची जमीन मुरमाड, माझी काळी. विचारायला गेलो तर तपासणीवाले म्हणाले, "पुढच्या हंगामाला वापरा." असल्या कागदावर विश्वास ठेवून कोण हात आखडता घेईल? उत्पन्न घटलं तर नुकसान त्याचं एकट्याचं असतं, म्हणून शेतकरी एखादं घमेलं जास्त टाकतो. भीतीपोटी टाकतो. आपण लेखात 'अज्ञान' हा शब्द वापरलात, तो फार लागला.

प्रशिक्षण म्हणजे भाषण आणि फोटो. खरं तर शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. फवारणीची टाकी भरताना नळीचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडालेलं असलं आणि तेवढ्यात मोटार बंद पडली, तर ते पाणी उलटं विहिरीत ओढलं जाऊ शकतं. नळी पाण्याच्या वर धरायची, नाहीतर पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. औषधाची रिकामी बाटली तीनदा खळबळायची आणि ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतायचं, बांधावर नाही. विहिरीवर येऊन कोणी एकदा करून दाखवलं तर माणूस जन्मात विसरणार नाही. ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडा म्हणता, तेही मान्य. त्या पट्ट्यातल्या पिकाची भरपाई कोण देणार, तेवढं ठरवा.

आणि विहिरीचं पाणी तपासून द्या. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती मुख्यतः वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना जपण्यासाठी. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. हे किती घरांत माहीत आहे? आपल्या विहिरीचा आकडा समोर आला तर कुठलाही बाप खताचा हिशेब नव्याने मांडेल. दंडाची भाषा त्यानंतर करा.

जाता जाता, लेखासोबतच्या फेसाळ नदीच्या फोटोबद्दल. नदीवर असा पांढरा फेस दिसतो तो बहुतेक वेळा साबण आणि डिटर्जंटच्या सांडपाण्याचा असतो. शेतातलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात गेलं की शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. शहराच्या गटाराचा फोटो शेतीवरच्या लेखाला लावला असेल, तर तसा खुलासा आपण छापायला हवा.

आपला,
एक शेतकरी वाचक