फूल आणि दोन पानं

फोंडा, गोवा
१८ जानेवारी

प्रिय रमाकांत,

सप्रेम नमस्कार. त्या रात्री फोनवर माझा आवाज चढला, त्याचं वाईट वाटतंय. पण तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. "लोकांनी निवडून दिलंय ना त्यांना, मग मध्ये बोलणारी ही कोर्टं आणि वर्तमानपत्रं कोण?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या त्या वाक्यात मला लोकानुनय दिसतो. वर्तमानपत्रं लोकानुनय म्हणतात ते फुकट वाटपाला. मला वाटतं, वाटप हा त्यातला लहान भाग. मूळ गोष्ट अशी की नेता समाजाचे दोन तुकडे पाडतो, एकीकडे साधे, खरे लोक आणि दुसरीकडे त्यांना लुटणारे वरचे. पुढे तो म्हणतो, त्या लोकांचा आवाज म्हणजे मीच. ही हुकूमशाही नव्हे. गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला गर्दी लागतच नव्हती. त्याच्या राज्यात आपल्याकडे लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. लोकानुनयी नेत्याला मात्र गर्दी हवी, निवडणूकही हवी.

आणि 'वरचे' ही नेहमी थापच असते असं मी म्हणणार नाही. तू आणि मी मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्यांच्या, घरांतले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, अंगणात आजोबा चप्पल काढून उभे राहत, हे तूही पाहिलंयस. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते स्वतः खाणमालक, पण बहुजनांना ते आपले वाटले, आणि गावागावांत मराठी शाळा निघाल्या. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. मुंडकार कायदा त्यांच्यामागे, १९७५ मध्ये, त्यांची मुलगी शशिकलाताई मुख्यमंत्री असताना आला. माझी थोरली बहीण आमच्या घराण्यातली शाळेत गेलेली पहिली मुलगी. आईने भाऊंचा फोटो देवांच्या शेजारी लावला होता. त्या भक्तीला मी आजही नावं ठेवणार नाही.

म्हणूनच मला १९६७ चा जानेवारी पुन्हा पुन्हा आठवतो. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हा भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा प्राण, पक्षाच्या नावातच महाराष्ट्र. त्यावर जनतेचा कौल घ्यायचं ठरलं, आणि तो निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारीला मतदान झालं. मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल, गोवा वेगळा संघप्रदेश ठेवायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि पानांना १,७२,१९१. आणि दोनच महिन्यांनी, मार्चच्या निवडणुकीत, याच गोव्याने भाऊंना पुन्हा मुख्यमंत्री केलं!

आमच्या बाबांनी हेच केलं. जानेवारीत दोन पानं, मार्चमध्ये भाऊंच्या पक्षाचा सिंह. मी मोठा झाल्यावर त्यांना विचारलं होतं, भाऊंवर एवढी श्रद्धा, मग त्यांना नाही कसं म्हणालात? ते म्हणाले, "भाऊ आमचे. पण गोंयही आमचंच." बाबा सातवीही शिकलेले नव्हते, रमाकांत. पण नेता आपला असला तरी आपण म्हणजे तो नव्हे, हे त्यांना कळत होतं. भाऊंनीही तो प्रश्न पुन्हा मतदानाला टाकला नाही.

सगळेच नेते असं करत नाहीत. व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष चावेझ डिसेंबर २००७ मध्ये घटनाबदलाचं सार्वमत थोडक्यात हरला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने पुन्हा मतदान घेतलं आणि सत्तेवरची मुदतीची मर्यादा काढून टाकली. आर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष पेरोनने कामगारांना हक्क दिले, ते त्यांना खरोखर हवेच होते. त्याच पेरोनच्या राजवटीने १९५१ मध्ये 'ला प्रेन्सा' हे वर्तमानपत्र ताब्यात घेतलं. मीच लोक, असं एकदा ठरलं की विरोधात लिहिणारा आपोआप लोकांचा शत्रू ठरतो. तुझ्या वाक्याची मला भीती वाटली ती इथे. त्या वाक्यात आमच्या बाबांना जागा नाही. जानेवारीत नाही म्हणून मार्चमध्ये हो म्हणणारा माणूस त्यात बसतच नाही.

तुझ्या घरी तेव्हा फूल होतं, मला ठाऊक आहे. कौलानंतर आपल्या वाड्यावर काही घरांत बोलणं बंद झालं होतं, असं आई सांगायची. पण मार्चमध्ये तुझे बाबा आणि माझे बाबा एकत्र चालत मतदानाला गेले, असंही तीच म्हणायची. आमचे आता नाहीत. तुझे आहेत, आणि त्यांची स्मरणशक्ती आपल्या दोघांपेक्षा चांगली आहे. त्यांना पुण्याच्या थंडीत फार वेळ बसवू नकोस, पण एवढं विचार: त्या वाटेवर आधी कोण बोललं?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक